बिलावलात तीव्र मध्यम

पाटणकर बाजाराच्या मागच्या गल्लीत, जिना चढून वर गेलं की इंदुताई लघाट्यांचं घर लागतं. नवा माणूस आला की त्याचं नाव-गाव पुसायच्या आधी इंदुताई विचारतात, "गाता का?" नाही म्हटलं तर, "मग ऐकता तरी?" यालाही नाही म्हणणाऱ्याला चहा मिळतो, पण बरोबर बेसनाचा लाडू मिळत नाही. हे खालच्या मजल्यावरच्या सुमनताई स्वानुभवावरून सांगतात.

इंदुताईंचे पूर्वज कधीकाळी दक्षिणेतून शिंद्यांच्या दफ्तरात लिहायला आले आणि ग्वाल्हेरचेच होऊन गेले. इंदुताईंनी मात्र लेखणी सोडून गळा धरला. सगळी हयात मुलींच्या शाळेत गाणं शिकवण्यात गेली. नवरा मधुसूदन वीज मंडळात होता. त्याला गाण्यातलं ओ का ठो कळत नसे, पण दाद बरोबर समेवर द्यायचा. कशी, ते इंदुताईंना शेवटपर्यंत उमगलं नाही. तो गेल्यावर घरात राहिले मुलगा राघव, सून गरिमा, नात निवेदिता आणि तंबोरा.

तंबोरा म्हणजे भोपळ्याचा नव्हे, विजेचा, डब्याएवढं यंत्र. सकाळी आंघोळ झाली की इंदुताई त्याचं बटण दाबायच्या, ते रात्री निजेपर्यंत चालू. भाजी चिरताना तंबोरा, हिशोब मागायला दूधवाला आला तरी तंबोरा. वयाबरोबर गळा काळी पाच पट्टीवरून पांढरी पाचवर उतरला होता, म्हणून यंत्रही पांढरी पाचवर लावलेलं. त्या घरात सा तिथं होता आणि तिथंच राहणार होता. निवेदिताचा पाळणासुद्धा त्याच सुरात हलला होता.

गरिमा ग्वाल्हेरलगतच्या मुरारची. माहेर हिंदी भाषिक, शाळा कॉन्व्हेंट. तिथल्या एका सिस्टरनं तिला पियानो शिकवलेला. राघवनं तिला पसंत केली तेव्हा इंदुताईंनी खुशीनं होकार दिला होता. पण लग्नानंतरच्या पहिल्याच पाडव्याला पाहुण्यांसमोर गरिमानं कीबोर्डवर काहीतरी वाजवून दाखवलं, आणि इंदुताई सहज बोलून गेल्या, "बोटं छान चालतात हो हिची. संगीत काय, हळूहळू येईलच." उचलली जीभ लावली टाळ्याला! पाहुणे हसले, गरिमाही हसली. दुसऱ्या आठवड्यात तिनं हेडफोन आणले. तेव्हापासून ती वाजवायची रोज, पण घरात ऐकू यायची फक्त कीबोर्डच्या पट्ट्यांची टकटक. आपण चुकीचं बोललो हे इंदुताईंना त्याच रात्री कळलं होतं. पण बोललेला शब्द परत घ्यायचा तर सासूपण आड येतं. दोघी एकमेकींशी फार चांगल्या वागत. फक्त गाण्याचा विषय निघत नसे.

मग राघवची बँकेनं भोपाळला बदली केली. तो शनिवारी येई, रविवारी जाई. आणि दसऱ्यानंतर भोपाळच्या एका मोठ्या शाळेचं गरिमाला बोलावणं आलं. त्यांना पाश्चात्त्य संगीताची शिक्षिका हवी होती. परीक्षा म्हणून आठवीच्या वर्गाला एक तास घेऊन दाखवायचा: बरोक काळातल्या एका कॉन्चेर्टोचा पहिला भाग घेऊन त्यातली संगीताची अंगं उलगडायची. नोकरी मिळाली तर गरिमा आणि निवेदिता भोपाळला जाणार. नाही मिळाली तर राघव ग्वाल्हेरला परत बदली मागणार, आणि सगळं पूर्ववत. इंदुताईंनी स्वतः भोपाळला जायचा प्रश्न नव्हता. त्यांनी तो कुणाला विचारूच दिला नव्हता.

एका दुपारी गरिमा त्यांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"आई, एक हेल्प करेंगी? मुझे किसी ऐसे को पढ़ाकर देखना है, जिसे इस म्यूज़िक का कुछ भी पता न हो."

इंदुताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे मला."

"नहीं, मतलब..."

"मतलब-बितलब राहू दे. कुछ नहीं पता, तर नहीं पता. बस इथं, शिकव."

ग्वाल्हेरच्या साऱ्या लष्कर भागातल्या मुलींना सा लावायला शिकवणारी बाई पाटावर मांडी घालून विद्यार्थिनी झाली. गरिमानं फोन स्पीकरला जोडला. ती सांगू लागली: तीनशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं संगीत. कॉन्चेर्टो म्हणजे एका बाजूला तंतुवाद्यांचा जमाव, दुसऱ्या बाजूला एकटं व्हायोलिन. सुरुवातीला सगळे मिळून एक जागा वाजवतात, तिला रितोर्नेलो म्हणायचं, म्हणजे पुन्हा पुन्हा परतून येणारी. मग एकटी व्हायोलिनवाली आपलं काहीतरी विणते, की पुन्हा सगळे तीच जागा घेऊन येतात.

"म्हणजे मुखडा," इंदुताई म्हणाल्या. "मुखडा झाला, ती बाई ताना घेऊन आली, पुन्हा मुखडा. यात शिकवायचं काय आहे? लाव."

गरिमानं लावलं. आणि खरं सांगायचं तर पहिल्या दोन मिनिटांत इंदुताई खूश झाल्या. मुखडा ठसठशीत होता, नेमका तंबोऱ्याच्याच सा वर बसणारा, दोनदा ऐकून गुणगुणता यावा असा. खाली खर्जात एक मोठं वाद्य न थकता चालत होतं, त्याच्या जोडीला तारा छेडल्यासारखं हार्पसिकॉर्ड, पियानोचं जुनं भावंड, खुळखुळत होतं. तो ठेकाच, फक्त तबल्याविना. व्हायोलिनवाली एक तुकडा घेई, तोच एक पायरी खाली उतरवून पुन्हा घेई, आणखी एक पायरी खाली. "पलटे!" इंदुताईंनी मांडीवर हात मारला. आवाज लहान-मोठा व्हायचा तोही हळूहळू नाही, एकदम: सगळे वाजवतात तेव्हा मोठा, मोजके उरले की लहान. मुखडा परत आला की इंदुताई बोट वर करीत. गरिमा मान डोलावी. लग्नानंतरच्या सहा वर्षांत या दोघी एका खोलीत बसून प्रथमच काही ऐकत होत्या.

आणि मग इंदुताईंचं बोट अर्ध्यावर थांबलं.

"थांब, थांब. हा तीव्र मध्यम कुठून आला?"

"आई, यहाँ वो डी मेजर में चला गया है. मॉड्युलेशन."

"त्याला कुठं जायला नकोय. सा इथं आहे." त्यांनी तंबोऱ्याच्या डब्याकडे हात केला. तो अर्थातच चालू होता. या घरात तंबोरा बंद करायचं कुणाच्या ध्यानीमनीही येत नसे. "आत्तापर्यंत सगळे स्वर शुद्ध, म्हणजे बिलावल होता. आता तीव्र मध्यम घेतलाय. म्हणजे हा यमनी बिलावल. वा! तीनशे वर्षांपूर्वी त्या लोकांना यमनी बिलावल येत होता म्हणायचा."

"नहीं आई, वो..."

"नाव तू काही पण दे. आमच्यात याला यमनी बिलावल म्हणतात."

पुढे गरिमाचं काही चाललं नाही. संध्याकाळी टोपी बाजारात जाताना इंदुताईंनी सुमनताईंना जिन्यातच गाठून युरोपातल्या यमनी बिलावलाची बातमी दिली. सुमनताईंना बिलावल म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं, पण लाडवाच्या आशेनं त्यांनी फार नवल केलं.

दुसऱ्या दुपारी पुढचा तुकडा निघाला. एकट्या व्हायोलिनची लांब धाव झाली, मुखडा परत आला, आणि इंदुताईंचा चेहरा कडू काढा घेतल्यासारखा झाला.

"कोमल धैवत? बिलावलात? आता यमनी पण नाही राहिला, काहीच नाही राहिला. बेसूर होऊन गेले सगळे."

"आई, तीन सौ साल से दुनिया बजा रही है. सब बेसुरे हैं?"

"असतील. मला जे ऐकू येतं ते मी म्हणणार. सा सोडून भटकायला लागलं की असंच होतं."

गरिमा आजवर या घरात कधी मोठ्यानं बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "आपके यहाँ सा कभी हिलता ही नहीं! और जो हिले, वो बेसुरा. मैं भी तो वही हूँ ना आपके लिए, इतने साल से?"

गरिमा उठली, तंबोऱ्यापाशी गेली आणि तिनं बटण बंद केलं.

खोली एकदम रिकामी वाटली. रस्त्यावरच्या टेम्पोचा भोंगा ऐकू आला, सुमनताईंच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. इंदुताईंना राग आला होता, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती; आणि दोन्ही लपवायला त्यांनी डोळे मिटून घेतले. गरिमानं तोच तुकडा पुन्हा लावला.

डोळे मिटलेले, सा सांगणारं कुणी नाही. अशा कानांवर मुखडा आला. तोच मुखडा. तीच चाल, तेच ठसके, तीच शेवटची गिरकी. फक्त चेहरा उतरलेला. इंदुताईंनी डोळे न उघडता हात हलवला: पुन्हा. गरिमानं पुन्हा लावलं. ज्याला त्या कोमल धैवत म्हणत होत्या, तो इथं शुद्ध निषाद होता, कारण सा मुळी जागेवरून उठून दुसरीकडे जाऊन बसला होता. गंधार कोमल झाला होता, म्हणून चेहरा उतरलेला. आणि कालचा तो तीव्र मध्यम? मागे जाऊन तोही ऐकला. तिथंही मुखडा नव्या सा वरून निघाला होता, शुद्ध बिलावलच, पहिल्यासारखाच हसरा. यमनी बिलावल नव्हताच कुठं. तो फक्त तंबोऱ्यानं करून ठेवला होता.

"मूर्च्छना," इंदुताई हळूच म्हणाल्या. "कुठलाही स्वर सा मानायचा आणि तिथून नवं सप्तक बघायचं. सगळी उमर मी हे फळ्यावर लिहिलं, मुलींकडून पाठ करवून घेतलं. पण ऐकलं नाही कधी. तंबोरा बंद करून कोण ऐकतो?" मग त्यांनी डोळे उघडले. "चूक माझी आहे, गरिमा. आत्ताची पण, आणि त्या पाडव्याची पण."

गरिमा ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली.

"ते कानावरचं काढून वाजव बघू एकदा."

त्या दुपारी कीबोर्डचा आवाज त्या घराच्या भिंतींनी बऱ्याच वर्षांनी ऐकला. गरिमा मुखडा वाजवी, इंदुताई सरगम म्हणत; ती पाचव्या सुरावर जाई, तर त्याही सा तिथं नेऊन ठेवत. एकदा गळा चिरकला. दोघी हसल्या. खालून सुमनताईंनी ओरडून विचारलं, "कार्यक्रम आहे का हो काही?"

यानंतर त्या दोघींचं रोजचंच झालं. आपण त्याला पुनर्मीलन वगैरे मोठी नावं देऊ नयेत; भांडणंही होत. इंदुताईंना व्हायोलिनवालीच्या ताना फार आखीव वाटत, गरिमाला इंदुताईंचा लयीचा हिशोब फार सैल वाटे. पण इंदुताई आता दुपारची वाट बघत. आणि दुपार सरली की त्यांच्या मनात दुसरंच काही उभं राही. या पोरीची तयारी होऊन राहिली आहे ती इथून जायची. निवेदिता शाळेतून येऊन दप्तर फेकते तो आवाज, ताटात नको असलेली भेंडी आजीच्या ताटात सरकवायची तिची खोड, हे सगळं भोपाळला जाणार. मग संध्याकाळी दिवा लावून बोलायचं कुणाशी, डब्याशी?

परीक्षेचा तास द्यायला भोपाळला निघायच्या दोन दिवस आधी गरिमानं अख्खा तास इंदुताईंसमोर घेतला. स्लाइड होत्या, व्याख्या होत्या, कॉन्चेर्टो म्हणजे काय, रितोर्नेलो म्हणजे काय, खर्जाचं काम काय, सूर कुठून कुठं गेला, शेवटी मूळ ठिकाणी कसा परतला. एक अक्षर चुकीचं नव्हतं. संपवून तिनं विचारलं, "इतना काफ़ी है ना, आई?"

इंदुताई म्हणाल्या, "चहा ठेवते," आणि स्वयंपाकघरात गेल्या.

त्यांना स्वच्छ दिसत होतं. तास बरोबर होता आणि पार मेलेला होता. आठवीची मुलं तिसऱ्या स्लाइडला जांभया देणार, मागच्या बाकावर खुसखुस सुरू होणार, आणि परीक्षक सौजन्यानं हसून आभार मानणार. हे समजायला इंदुताईंना कुणाला विचारायची गरज नव्हती. मुलांच्या वर्गात त्यांचे केस पिकले होते. "काफ़ी है" एवढंच म्हणायचं होतं. खोटंही ठरलं नसतं, माहिती तर काफ़ी होतीच. गरिमा परत आली असती, थोडी रडली असती, राघवनं बदली मागितली असती. कुणाला कधी कळलं नसतं. चहा उकळून वर आला, त्यांनी गॅस बारीक केला. पुन्हा वर आला. इंदुताईंना त्या घटकेला खरोखर वाटत होतं की आपण तसंच म्हणावं.

चहाचे कप घेऊन त्या बाहेर आल्या. कप ठेवले.

"नाही. हे नाही चालणार. चहा घे आणि उभी राहा, पुन्हा पहिल्यापासून."

"पर आई, सब सही तो है."

"सही आहे. पण तू सांगून राहिली आहेस. मुलांना सांगायचं नसतं, त्यांच्याकडून करवून घ्यायचं असतं. स्लाइड बंद कर. मुखडा आधी त्यांना गाऊ दे, ला-ला करून, पाठ होईपर्यंत. मग वर्गाचे चार कोपरे, चार घरं. मुखडा एका घरातून दुसऱ्या घरी जातो. ज्या घरी जाईल तिथला सा. मुलांनी त्या कोपऱ्यात जाऊन गायचं. चेहरा कुठं उतरला, ते त्यांना विचार. तू नको सांगू. आणि तुझा तो मॉड्युलेशन शब्द सगळ्यात शेवटी काढ. आधी काढलास तर मुलं शब्द पाठ करतात आणि कान बंद करतात. माझ्यासारखी."

निवेदिता शाळेतून आली, तिला एका कोपऱ्यात उभं केलं. वर्गाला माणसं कमी पडत होती म्हणून सुमनताईंना वर बोलावलं आणि फ्रीजपाशी, मुखडा उतरल्या चेहऱ्याचा होतो त्या घरात ठेवलं. सुमनताई जन्मात गायल्या नव्हत्या. त्यांनी मुखडा असा काही गायला की निवेदिता जमिनीवर लोळण घेऊन हसली. पण पुढच्या फेरीला त्याच सुमनताई म्हणाल्या, "अगं बाई, इथं आलं की हे जरा रडवेलं होतं नाही का?" गरिमानं इंदुताईंकडे पाहिलं. इंदुताईंनी फक्त मान हलवली. आपल्या हातानं आपण घर रिकामं करतोय, हे त्यांना त्या क्षणी पुरतं कळत होतं, आणि तरी तो तास फार सुंदर झाला म्हणून त्यांना आनंदही होत होता. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे त्यांना आजवर माहीत नव्हतं.

भोपाळचा तास झाला. गरिमा परतली ती थकून, "पता नहीं" एवढंच म्हणत. मुलं कोपऱ्या-कोपऱ्यांतून धावली, एक बाक पडलं, मुख्याध्यापिकाबाई काही बोलल्या नाहीत. डिसेंबर लागला. शाळेचं उत्तर अजून आलं नव्हतं.

एका सकाळी दोघी ऊन खात गच्चीवर मटार सोलत बसल्या होत्या. फोन वाजला. गरिमा कठड्यापाशी जाऊन बोलली, मग परत येऊन उभीच राहिली.

"आई, हो गया. उन्होंने मुझे चुना है."

इंदुताईंच्या हातातली शेंग फुटली, दाणे परातीत पडले.

"जनवरी में जॉइन करने को कह रहे हैं. लेकिन मैंने अभी हाँ नहीं कहा. शाम तक बताना है." गरिमा खाली बसली. "राघव इधर ट्रांसफर माँग सकते हैं. आप अकेली कैसे रहेंगी? आप कह दें तो मैं मना कर दूँगी. सच में."

इंदुताईंनी हातातलं टरफल बाजूला टाकलं. त्यांच्या घराण्यात आलाप मोकळा होता, मन मोकळं करायची पद्धत नव्हती. पण त्या बोलल्या.

"मला विचारशील तर मी म्हणेन राहा. रोज मनात हेच म्हणतेय. मला करमणार नाही. निवीशिवाय नाहीच, आणि आता तुझ्याशिवाय पण नाही. हे खरं आहे, ते तुला माहीत असू दे." त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि पुसलेलं लपवलं नाही. "पण माझ्या म्हणण्यावर थांबलीस, तर आपण दोघी पुन्हा पहिल्यासारख्या चांगलं वागत बसू. ते मला नको आहे. शाम कशाला? आत्ता कर फोन. हो म्हण."

गरिमानं तिथंच, त्यांच्यासमोर बसून फोन लावला. "यस मॅम," ती म्हणाली. आणखी दोनदा "यस मॅम" म्हणाली. पलीकडून काहीतरी विचारणा झाली. गरिमानं फोनवर हात ठेवला आणि इंदुताईंकडे वळली.

"पूछ रही हैं, कब से आ सकती हूँ."

इंदुताईंनी परात जवळ ओढली.

"संक्रांत होऊ दे म्हणावं," त्या म्हणाल्या. "या पोरीला माझ्या हातचा तिळगूळ खाऊ दे, मग न्या म्हणावं."